दुधाळ नळी

आमच्या वहिनीला सगळी इमारत 'मोजेबाई' म्हणते. तिच्या पाठीमागे म्हणते असं नाही, तोंडावर म्हणते, आणि तिला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. तिच्या पर्समध्ये पावडर-लिपस्टिक कधी सापडायची नाही, पण पातळ निळ्या हातमोज्यांची चुरगळलेली जोडी हमखास. लिफ्टचं बटण ती कोपराने दाबते. मी शिवलेला नवा पोशाख बघायला दिला तर आधी हात मागे घेते, मग हसते, मग हात लावते. माझ्या भावाचं तिच्याशी लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, ही बया स्वतःला फार सोवळी समजते. पुढे कळलं की ती तिच्या धंद्याने लावलेली सवय आहे, तिचा स्वभाव नव्हे.

ती एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञ आहे. तळघरातली खोली, एक लांब टेबल, बर्फाची बादली, भिंतीला लागून गरगर फिरणारी यंत्रं. काम काय, तर माणसाच्या रक्तातून आणि आतड्यातल्या गाठींतून आरएनए नावाचे बारीक धागे वेगळे काढायचे. हे धागे भलते नाजूक. आपल्या बोटांच्या घामात त्यांना खाऊन टाकणारं काहीतरी असतं. उघड्या हाताचा नुसता स्पर्श झाला की दिवसाची मेहनत पाण्यात. म्हणून ते मोजे.

मी शिवणकाम करते. पुढची खोली माझी, त्यात माझं मशीन, आणि मागच्या दोन खोल्यांत दादा आणि वहिनी. मी लग्न केलं नाही. कुणी विचारलं नाही असं नाही, पण मला पसंत पडला नाही एकही. दादा मला टाचणी म्हणतो. मी टोचून बोलते म्हणे. आता त्याच्यासारख्या माणसाला गोड बोलून कुणी जागचं हलवून दाखवावं, मी मशीन विकून टाकीन.

एकदा मी मशीनवर बसल्या बसल्या वहिनीला विचारलं होतं, "हे तुझे धागे करतात तरी काय?"

ती म्हणाली, "वन्सं, काही धागे निरोप्याचं काम करतात. अमुक प्रथिन बनवा, असा निरोप घेऊन जातात. पण बरेचसे धागे असा कसलाच निरोप नेत नाहीत. आधी लोक त्यांना केर समजायचे. मग कळलं की तेच इतरांना गप्प बसवतात, नाहीतर बोलायला लावतात. स्वतः काही बनवत नाहीत, पण त्यांच्याशिवाय पान हलत नाही."

"म्हणजे आपल्या दादासारखे," मी म्हटलं. आतून दादा ओरडला, "ऐकतोय मी!"

वहिनी हसली, पण पुढचं सांगताना तिचा चेहरा बदलला. मोठ्या आतड्यात कर्करोग व्हायला लागला की यातले काही धागे फार वाढतात, काही गायब होतात. त्यांचे तुकडे रक्तातही उतरतात. नुसत्या रक्तावरून तो रोग लवकर ओळखता येईल का, याच्या मागे तिची सगळी खोली लागली होती. तिचे वडील याच दुखण्याने गेले. कळलं तेव्हा उशीर झाला होता. ती हे कधी बोलत नाही, मला दादाने सांगितलं.

आता गंमत अशी की या कामाला आजाऱ्यांचं रक्त मिळतं, पण धडधाकट माणसाचं मिळत नाही. पन्नाशी उलटलेला, काही तक्रार नसलेला माणूस कशाला येईल सुई टोचून घ्यायला? म्हणून त्यांच्याकडे रीतच पडली आहे, जो तो आपल्या घरचं माणूस आणतो. कुणी सासरा आणतं, कुणी मावशी. वहिनीने आम्हा दोघा भावाबहिणींना पकडलं.

"सकाळी काही खायचं नाही," तिने बजावलं. बजावलं म्हणजे दादाकडे बोट रोखून बजावलं. "पाव नाही, लोणी नाही, चहासुद्धा नाही. पोटात तुपकट काही गेलं की रक्ताचा वरचा थर दुधासारखा पांढरा होतो, आणि मग मला त्यातलं काही धड वाचता येत नाही. ऐकताय ना अहो?"

दादा म्हणाला, "मी उपाशी? मला चक्कर येईल." दादाला दोन जेवणांच्या मध्ये तिसरं जेवण लागतं. वहिनी सकाळी लवकर कामावर गेली ती मला सांगून, की वन्सं, यांच्यावर लक्ष ठेवा. मी फ्रीजसमोर खुर्ची टाकून बसले. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर होती, मी कधीची उठून काजं करत होते. दादा दोनदा स्वयंपाकघरात डोकावला, मी दोनदा कात्री दाखवली. मग तो "पेपर घेऊन येतो" म्हणून खाली गेला तो बराच वेळ आलाच नाही. आमच्या इमारतीखाली बेकरी आहे. मी काय समजायचं ते समजले, आणि आला तेव्हा त्याला तसं ऐकवलंही. तो नुसता गप्प राहिला. मग आम्ही दोघं गेलो, नर्सने दोघांचं रक्त घेतलं, नळ्यांवर नंबर लावले. नावं कुठल्यातरी वेगळ्या ऑफिसात कुलपात. वहिनीलासुद्धा कुणाची नळी कुठली ते कळायचं नाही, असा तिथला नियम.

त्यानंतर काही आठवडे बरे गेले. मग घरात काहीतरी बिनसलं.

आधी मला वाटलं, नवराबायकोचं भांडण असेल. वहिनी जेवताना ताटाकडे बघायचीच नाही, दादाकडे बघायची. तो घास कसा घेतो, किती घेतो. त्याने पाणी पिताना पोटावर हात ठेवला तरी तिचा चमचा थांबायचा. आणि एक दिवस भल्या सकाळी मी काय ऐकते, तर ती न्हाणीघराच्या दाराशी उभी राहून आतल्या माणसाला विचारतेय, "अहो, पोट साफ झालं का? रंग कसा होता?"

"अगं, काय हे!" आतून दादा. "जगू दे की मला!"

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. वहिनी असली बाई नव्हे. दादा कामावर गेल्यावर मी मशीन बंद केलं, तिला पुढच्या खोलीत ओढलं आणि दार लावलं. म्हटलं, आता बोल.

ती कपड्यांच्या ढिगावर बसली. हातात मोजे होते, ते काढून पुन्हा घालत होती. मग तिने सांगितलं. त्या दिवशीच्या नळ्या यंत्रातून फिरवल्यावर वर पिवळसर पाणी आलं, सगळ्यांचं गवताच्या रंगाचं, स्वच्छ. एक नळी तेवढी दुधाळ. पांढरीफट. "मला तेव्हा हसूच आलं वन्सं. म्हटलं, हा आमचाच खादाड. नंबर लक्षात ठेवायचा नसतो, पण डोळ्यांना काय सांगू?"

"मग?"

"मग गेल्या आठवड्यात निकाल आले. पडद्यावर रेषा चढतात. जितकी लवकर चढेल तितके ते तुकडे जास्त. धडधाकट माणसांच्या रेषा सगळ्या मागे, एकत्र. ती दुधाळ नळी आजाऱ्यांच्या रेषांत जाऊन बसली."

दादा माझ्यापेक्षा मोठा आहे, पण मी त्याला वाढवलंय म्हटलं तरी चालेल. आई गेल्यावर त्याच्या शर्टाची बटणंसुद्धा मीच लावत आलेय. मी म्हटलं, "म्हणजे त्याला आहे?"

"तेच तर कळत नाही!" ती एकदम रडायलाच लागली. "रक्तातल्या लाल पेशी फुटल्या, तरी तेच तुकडे वाढतात. त्या पेशींत ते भरलेलेच असतात. मग यंत्र खोटं बोलतं. एरवी पेशी फुटल्या की वरचं पाणी गुलाबी दिसतं, आम्ही ते उजेडात धरून मोजतो. पण याचं दुधाळ आहे. दुधात गुलाबी कसं दिसणार? आमच्या सरांना विचारलं, कुणाचं ते न सांगता. ते म्हणाले, ही तपासणी अजून तपासणीच नाही, आपण फक्त शोधतोय. एका नळीवरून कुणाला घाबरवू नका. बरोबरच आहे त्यांचं. मीही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं."

सर आपल्या जागी बरोबर होते. पण आम्ही काय करायचं? त्या दिवसापासून आम्ही दोघी घाबरलो. आणि ज्याच्यासाठी घाबरलो तो आरामात टीव्हीसमोर बिस्किटं खात बसलेला. त्याला सांगायचं नाही असं वहिनीने माझ्याकडून वदवून घेतलं, कारण दादाला साधा सर्दीखोकला झाला तरी तो मृत्युपत्राची भाषा करतो. मी आता त्याला टोचून बोलायचं सोडलं. त्याचाच त्याला संशय आला. "टाचणे, तुझी तब्येत बरी आहे ना?" असं त्याने दोनदा विचारलं. काळजीने माझी अन्नावरची वासनाच गेली होती. माझ्याच दोन पोशाखांच्या शिवणी आत घ्याव्या लागल्या. जिने चढताना धाप लागायची. म्हटलं, भावासाठी एवढं होणारच.

वहिनीचा उपाय एकच. नमुना पुन्हा घ्यायचा. तिच्या धंद्यात शंका आली की दुसरं काही करतच नाहीत. पुन्हा घ्या, पुन्हा लावा, पुन्हा बघा. दादा सुईला तयार होईना. तिने काय काय थापा मारल्या! शेवटी एका सुट्टीच्या सकाळी तिने घरीच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, त्याचं रक्त काढलं. मी त्याचा दुसरा हात धरला होता. हजारो नळ्या हाताळलेली बाई, पण नवऱ्याच्या दंडाशी तिची बोटं लटलट कापत होती. सुई एकदा निसटली. दुसऱ्यांदा तिने घाईने जोर लावून ओढलं. नळी उभी करून ठेवली आणि रक्त खाली बसल्यावर तिने ती खिडकीच्या उजेडात धरली. वरचं पाणी गुलाबी.

"फुटल्या," ती म्हणाली. "माझ्याच हाताने फुटल्या. काही उपयोगाचं नाही हे." आणि मग, डोळे पुसायच्या आत, "पुढच्या रविवारी पुन्हा घेते."

माझं डोकंच फिरलं. दादा आत कापूस दाबून कण्हत होता, म्हणून मी दबक्या आवाजात पण दातओठ खाऊन बोलले. "पुन्हा? आणि ते बिघडलं की परत पुन्हा? अगं, तू रक्त काढत बस, आणि तिकडे त्याच्या आतड्यात काही असलं तर ते वाढत बसेल! तुझ्या वडिलांचं काय झालं विसरलीस? त्याला सरळ दुर्बीण घालून बघायला काय धाड भरलीय?"

वडिलांचं नाव काढायला नको होतं. ती पांढरी पडली.

"डॉक्टरांना काय सांगू?" ती म्हणाली. "एक नळी दुधाळ होती म्हणून?"

"पन्नाशी उलटलीय म्हणून सांग. तुम्हीच भिंतीवर लावता ना तसले कागद, पन्नाशीनंतर एकदा तपासून घ्या म्हणून? आपल्याच घरात कुणी वाचले नाहीत ते!"

तिने ती गुलाबी नळी मोरीत रिकामी केली, आणि फोन लावला.

दुर्बिणीच्या आदल्या दिवशी दादाला पोट रिकामं करायचं औषध प्यायला दिलं. त्याचं वर्णन मी करत नाही. त्या दिवशी त्याने न्हाणीघरातून आम्हा दोघींना, डॉक्टरांना आणि विज्ञानाला जे जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला आत नेलं तेव्हा मात्र तो एकदम लहान दिसायला लागला. मागे वळून म्हणाला, "टाचणे, माझा निळा शर्ट उसवलाय, तेवढा बघ." दार बंद झालं.

आम्ही बाकावर बसलो. समोर हिरवी भिंत, तिच्यावर पाय कुठे ठेवायचे नाहीत याच्या सूचना. वहिनी मोजे घालून बसली होती, नुसतीच. मी हातात शिवण आणली होती, पण सुईत दोरा ओवता येईना. एकदा दार उघडलं, दुसऱ्याच कुणाला हाक मारली. मी मनात म्हटलं, हा धड बाहेर येऊ दे, आयुष्यात पुन्हा त्याच्या खाण्यावर बोलणार नाही.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हसत होत्या. "अगदी स्वच्छ आहे हो आतडं. एक डागसुद्धा नाही."

माझा जीव भांड्यात पडला. वहिनी तर त्या बाईंच्या गळ्यातच पडायची बाकी होती. नळी खोटं बोलली होती, पेशी फुटल्या होत्या, संपलं! थोड्या वेळाने दादाला बाहेर आणलं. अजून गुंगीत होता. खालच्या कॅन्टीनमध्ये आम्ही त्याला बसवलं आणि मी माझ्या हाताने त्याच्यासमोर लोण्याचे दोन पाव ठेवले. आणि आता हरकत नव्हती म्हणून वहिनीने त्याला सगळं सांगून टाकलं. नळी, रेषा, आमची तगमग, सगळं. "तुम्ही त्या दिवशी बेकरीत जाऊन चरलात, म्हणून हे सारं रामायण!"

दादाचा घास हातातच राहिला. "कोण चरलं?"

"तुम्ही. पेपर आणायला गेलात ते."

"अगं, मी खाली लिफ्टपाशी बसलो होतो. सुईची भीती वाटत होती मला. तुम्हाला सांगितलं असतं तर हसल्या असतात दोघी." तो दुखावला होता. "आईशप्पथ सांगतो, पाण्याशिवाय थेंब नव्हता पोटात. एकदाच तुझं ऐकलं आयुष्यात, तर त्याचंही नाव नाही."

वहिनी हसत होती ती तशीच थांबली. मला आधी समजलं नाही ती का थांबली. मग तिचे डोळे हळूहळू माझ्याकडे वळले.

"वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही काय खाल्लं होतं?"

आता मी काय सांगू? मी कधीची उठलेली, काजं करून डोळे शिणलेले, आणि फ्रीजला पाठ लावून बसलेली. दादा खाली गेला तेवढ्यात मी उभ्या उभ्या सायीची वाटी संपवली होती. दोन लोणी थापलेले पाव आणि अंडी त्याच्या आधीच. मला कुणी काही खाऊ नको म्हटलंच नव्हतं. सगळ्यांनी बोट दादाकडेच दाखवलं होतं, मीसुद्धा. उपाशी राहायचं ते दादाने, असं माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की एक नळी माझीही होती, हे आजवर एकदाही मनात आलं नव्हतं.

"खाल्लं होतं," मी म्हटलं.

माझ्या डोळ्यांसमोर माझे दोन पोशाख आले, त्यांच्या आत घेतलेल्या शिवणी. जिन्यातली धाप. आणि अधूनमधून दिसणारं रक्त, ज्याला मी मूळव्याध म्हणून सोडून दिलं होतं. इतक्या आठवड्यांत वहिनीने दादाला रोज विचारलं, मला कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. मला भीती वाटली. आतापर्यंत जी वाटत होती ती भीती नव्हतीच, असं वाटलं.

"पुन्हा नमुना घेशील?" मी विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाली. तिने दोन्ही मोजे काढले, टेबलावर टाकले आणि उघड्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं. तिचा हात घामाने ओला होता. "चला. त्या बाई अजून वर असतील."

गाठ होती. लहान होती, पण होती. आतड्याचा तेवढा भाग काढून टाकावा लागला, आणि पुढचे काही महिने मी त्याच हिरव्या भिंतीसमोर बसून काढले. आता मशीनवर बसते. शिवणी परत सैल केल्यात. दर तपासणीच्या आधी माझी झोप उडते, ती तशी उडणारच असं वहिनी म्हणते.

परवा मी तिला विचारलं, "ती दुधाळ नळी माझीच होती ना गं?"

"माहीत नाही वन्सं. नावं कुलपात आहेत, ती तशीच राहणार. आणि तुमची असली तरी त्यात पेशी फुटल्याच नव्हत्या असं मला छातीठोक सांगता येणार नाही. एका नळीवरून काही सिद्ध होत नाही."

"मग मी वाचले कशी?"

वहिनीने आतल्या खोलीकडे पाहिलं. दादा पलंगावर पडून पाव खात होता, गादीभर चुरा.

"हे त्या दिवशी खरंच उपाशी राहिले म्हणून," ती म्हणाली. "यांनी खाल्लं असतं ना, तर आपण दोघी त्या कॅन्टीनमधून हसत घरी आलो असतो."